मदत हवी आहे: दहा हजारांत आरसी विमान, सुरुवात कशी करावी? (कोल्हापूर)

एमएच०९_वैमानिक

नमस्कार मंडळी. आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान शिकायचंय. ड्रोन नको, पंखांचंच विमान हवं. रिमोट-चार्जर धरून दहा हजारांच्या आत बसवायचंय. सोल्डरिंग येतं, ग्लू गन आणि मल्टिमीटर घरात आहे. ऑनलाइन भाव बघून यादी केलीय, शंभर-दोनशे इकडेतिकडे:

फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट, आयए६बी रिसीव्हरसकट – ५,०००
ए२२१२ मोटर १४००केव्ही (दर व्होल्टला १४०० फेरे), ३० अँपिअर ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक), १०४५ प्रॉपेलर – १,१००
एसजी९० सर्व्हो (शेपटीचे भाग हलवणारी छोटी मोटर), ४ नग – ५००
३एस २२०० एमएएच लिपो (तीन सेलची बॅटरी) – १,६००
बी३ चार्जर – ४००
५ मिमी सनबोर्ड, ग्लू स्टिक, तार – ४००

बेरीज नऊ हजार. यात काय चुकतंय? तीन चॅनेल (रिमोटनं चालवायच्या हालचाली) करू की चार? आणि कोल्हापुरात उडवायचं कुठं?

डेप्रॉनवाला

रिमोटवर निम्म्याहून जास्त पैसे घातलेत, ते बरोबर आहे. विमानं मोडतील, रिमोट पुढच्या पाच विमानांना पुरेल. तीन गोष्टी मात्र बदला.

पहिली, सनबोर्ड. फ्लेक्सवाल्यांकडे मिळतो तो पीव्हीसीचा बोर्ड डेप्रॉन या हलक्या फोमच्या दहापटीहून जड असतो. त्याचं विमान हातातून सुटेल आणि सरळ जमिनीत जाईल. ५ मिमी डेप्रॉन किंवा बायोफोम मागवा. पार्सलमध्ये कोपरे मोडून येतात, म्हणून एक शीट जास्तीची घ्या.

दुसरी, मोटर आणि प्रॉपेलरची जोडी. १०४५ म्हणजे १० इंच व्यास, साडेचार इंच पिच (एका फेरीत पातं जितकं पुढं सरकेल ते अंतर). तो १०००केव्हीचा. प्रॉपेलर फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४००केव्हीची मोटर ३एसवर तोच प्रॉपेलर दीडपट वेगानं फिरवू बघते, ते तिला झेपत नाही, करंट चढतो आणि मोटर, ईएससी यातलं जे आधी तापेल ते जातं. १४००केव्हीच घ्यायची असेल तर प्रॉपेलर ८ बाय ४. शिकायला १०००केव्ही आणि १०४५ बरा, कारण कमी वेगात जास्त ओढ मिळते.

तिसरी, बॅटरी. २२००ची लिपो पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. १३०० एमएएच घ्या, साठ-सत्तर ग्रॅम वाचतील आणि चार-पाचशे रुपयेही.

आता मापं. पंख १०० सेंमी लांब, २० सेंमी रुंद. म्हणजे क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर. सगळं धरून विमान ६०० ग्रॅममध्ये बसवलंत तर चौरस डेसिमीटरला ३० ग्रॅम पडतात. नवशिक्याला सावरायला वेळ मिळेल इतकं ते हळू उडतं. ७५० ग्रॅमच्या वर गेलं की ते पळायला लागतं आणि तुमचा अंगठा मागं राहतो. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जवळ ठेवा आणि प्रत्येक भाग चिकटवण्याआधी तोला.

पंखाला विमानासारखा गोलाकार छेद द्यायच्या भानगडीत पडू नका. २० सेंमीच्या पट्टीवर, पुढच्या कडेपासून १० सेंमीपर्यंत, त्याच फोमचा दुसरा थर चिकटवा. वरून पायरी दिसते, पण एवढ्या लहान विमानाला ती चांगली चालते. दोन थरांच्या मध्ये ४ मिमीची कार्बन नळी, नाहीतर नीट तासलेली बांबूची काडी टाका. हे न केल्यास पहिल्याच गिरकीत पंख मधोमध दुमडतो.

बॉडीची लांबी पंखाच्या पाऊणपट, ७५ सेंमी. आडवी शेपटी पंखाच्या क्षेत्रफळाच्या २० टक्के, म्हणजे ४० बाय १०. उभी शेपटी १६० ते २०० चौरस सेंमी.

चिकटवताना काळजी घ्या. फेव्हिक्विक आणि पायताणाला लावतात तो पिवळा सोल्युशन, दोन्ही हा फोम खातात. पाच मिनिटांचा इपॉक्सी मोटरच्या प्लायला, बाकी सगळीकडे ग्लू गन, तीही थोडी निवल्यावर. आधी कातरणावर लावून बघा.

उद्यमनगरी

वरचं सगळं पटलं. तीन की चार याचं उत्तर: पहिलं विमान तीन चॅनेलचं करा. थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग, नाक वर-खाली करायला), रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग, वळायला). पंखाला मधोमध कोन द्या, दोन्ही टोकं ६-७ सेंमी वर. स्टिक सोडली की विमान आपोआप सपाट होतं. एक गोष्ट कुणी सांगत नाही: रडरचा सर्व्हो रिसीव्हरच्या चौथ्या चॅनेलला लावू नका, पहिल्या चॅनेलला लावा. मग वळणं उजव्या अंगठ्यावर येतात आणि पुढे एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्यांच्या) विमानावर गेल्यावर सवय बदलावी लागत नाही.

चार सर्व्हो घेताय ते घ्याच. दोन लागतील, दोन शिलकीत राहतील. एसजी९०चे दाते प्लास्टिकचे असतात, नाक आपटलं की एखादा जातोच. बसवण्याआधी प्रत्येक सर्व्हो हाताला लावून ऐका. मध्यावर थरथरत असेल तर परत पाठवा.

पुशरॉडला (सर्व्होपासून शेपटीपर्यंतच्या तारेला) सायकलचा स्पोक जड पडतो. १.२ मिमीची स्टीलची तार घ्या, टोकाला झेड आकाराचा बाक द्या. तार लांब असेल तर मधे दोन ठिकाणी बॉडीवर स्ट्रॉचा तुकडा चिकटवून त्यातून न्या. नाहीतर सर्व्हो ढकलतो, तार वाकते आणि एलिव्हेटर जागचा हलत नाही. डाइव्हमधून विमान न उठण्यामागं पुष्कळदा हेच कारण असतं.

एलिव्हेटरची हालचाल वर-खाली १२ ते १५ मिमी, रडरची २५ मिमी. एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम सौम्य करणं) ३० टक्के. आय६च्या पडद्यावर रेघ दिसते, ती मध्याजवळ सपाट व्हायला हवी. उभी झाली तर चिन्ह उलटं करा.

पूर्ववारा

@उद्यमनगरी, तीन चॅनेलबद्दल थोडा मतभेद. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा थांबत नाही. कोन दिलेलं हलकं विमान त्यात हेलकावे खातं, रडरनं सावरेपर्यंत उलटतं. पावसाळ्यात उडवायचं असेल तर एलेरॉन लागतील.

उद्यमनगरी

पावसाळ्यात शिकायचंच कशाला भावा? तेव्हा बांधायचं, नोव्हेंबरात उडवायचं.

पूर्ववारा

हे मान्य. मग जागेचं बोलतो.

उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, कागल रोड ही बाजू विसरा, तिथं विमानतळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा झोन (परवानगी न लागणारा), त्याच्या आत परवानगीची भानगड. शहराचा बराचसा भाग यातच येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडून आपली नेमकी जागा बघा. २५० ग्रॅमच्या वरचं विमान मायक्रो गटात जातं. हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची सरकारी मान्यता) लागत नाही आणि बिगरव्यावसायिक मायक्रोला पायलट लायसन्स लागत नाही, पण नोंदणीचं आधी बघून घ्या आणि विमान नजरेआड नेऊ नका.

रंकाळ्याच्या काठावर किंवा लोक फिरायला येतात अशा कुठल्याच मैदानावर नको. अर्धा किलोचं विमान आणि दहा इंची पातं कुणाच्या डोळ्याला लागलं तर काय, याचा विचार करा. मसाई पठार दिसायला नादखुळा, पण ते राखीव क्षेत्र आहे आणि वाराही फार. त्यापेक्षा पन्हाळा रोडला केर्लीच्या पुढं किंवा गगनबावडा रोडला बालिंग्याच्या पुढं, तोड झालेलं उसाचं रान बघा. मालकाला विचारून. पाचट पसरलेलं असेल तर उत्तम, पोटावर उतरवलेलं विमान त्यावर मोडत नाही. वरून विजेची लाइन जात नाही ना, ते आधी बघा.

वेळ सूर्योदयापासून नऊपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर रान तापतं आणि विमान उगीच वर-खाली होतं. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही.

आणि शेजारी उभा ऊस असेल तर हे वाचाच. विमान उसात गेलं की आधी थ्रॉटल शून्य. पातं पाल्यात अडकून मोटर थांबलेली असते, थ्रॉटल वर राहिला तर ईएससी जळतो, लिपोही जाते. मग जागचं हलू नका. विमान जिथं दिसेनासं झालं त्या रेषेत लांबचं झाड किंवा खांब धरा. सोबतच्यानं त्याच्या जागेवरून दुसरी रेषा धरायची. दोन रेषा छेदतात तिथं शोधायचं. एकट्यानं आठ फूट उसात शिरून काही सापडत नाही, अंग तेवढं कापतं. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावायचा बझर मिळतो, तो बसवा. पंखाखाली मोबाइल नंबर लिहा.

एमएच०९_वैमानिक

खूप आभार सगळ्यांचे. यादी बदलली: १०००केव्ही, १३०० एमएएच, बायोफोम. बी३ चार्जर ठेवू की बी६ घेऊ? बी६ घेतला तर बजेट जातंय.

डेप्रॉनवाला

एका बॅटरीला बी३ पुरतो. १३०० भरायला दीड-दोन तास लागतील, एवढंच. त्यात स्टोअरेज मोड नसतो, म्हणून मल्टिमीटर वापरा. ३एस पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ११.४च्या आसपास. भरलेली लिपो आठवडाभर कपाटात ठेवली की फुगायला लागते. प्रत्येक सेलला ३ व्होल्टच्या खाली नेली तर ती गेली समजा. शंभरेक रुपयांचा व्होल्टेज अलार्म बॅटरीच्या बॅलन्स लीडला (प्रत्येक सेलच्या वायरी असलेल्या प्लगला) लावा, ३.५ वर सेट करा. सुरुवातीला मोबाइलवर सहा मिनिटांचा गजर लावून उतरवा. चार्जिंग फरशीवर, गादीपासून लांब, आणि समोर बसून.

वाचलेल्या पैशात दोन जादा प्रॉपेलर आणि सिम्युलेटरची केबल घ्या. केबल येईपर्यंत मोबाइलवर पिकासिम फुकट आहे. एकच सराव करा: विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. जो पंख खाली पडलाय त्याच बाजूला स्टिक ढकला. हे विचार न करता व्हायला लागलं की रानात जा.

उद्यमनगरी

रानात जाण्याआधी घरी, प्रॉपेलर काढून:

मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. प्रॉपेलर परत बसवताना त्यावरची अक्षरं पुढच्या बाजूला.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद): सिस्टिम मेन्यू, आरएक्स सेटअप, फेलसेफ, चॅनेल ३ ऑन, थ्रॉटल स्टिक तळाला, कॅन्सल बटण दाबून धरून सेव्ह. मग मोटर फिरत असताना रिमोट बंद करून बघा. मोटर थांबली पाहिजे. एरवी मात्र चालू करताना आधी रिमोट मग विमान, बंद करताना आधी विमान.

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर. दोन बोटांवर तोलून नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. जमत नसेल तर बॅटरी पुढं-मागं सरकवा, शिसं चिकटवू नका. शेपटीकडं जड असलेलं विमान एकदाच उडतं.

एमएच०९_वैमानिक

बांधून झालं, ५९० ग्रॅम भरलं. रानात हातानं फेकून ग्लाइड बघितला, १५-२० पावलं सरळ जातंय. पण थ्रॉटल दिला की नाक वर करतंय आणि डावीकडं ओढतंय. ट्रिम (स्टिकचा मधला बिंदू सरकवणं) केलं तर ग्लाइड बिघडतो. सीजी साडेपाचवर आहे.

उद्यमनगरी

ग्लाइड सरळ आहे म्हणजे सीजी आणि शेपटी ठीक. ट्रिम होतं तिथं परत आणा, दोष मोटरच्या कोनात आहे. प्लायवरचे मोटर माउंटचे स्क्रू सैल करा. वरच्या दोन स्क्रूंमागं एकेक पातळ वॉशर टाका, मोटर किंचित खाली बघेल. मागून बघताना डाव्या बाजूच्या स्क्रूंमागं अर्ध्या जाडीचं, म्हणजे मोटर जराशी उजवीकडं बघेल. खाली ३ अंश, उजवीकडं २ अंश पुरे. घट्ट करा, परत अर्ध्या थ्रॉटलवर फेका. अजून नाक वर जात असेल तर वर आणखी एक वॉशर.