नांगर आपोआप वर येतो, तो बिघाड नव्हे

दादा, कडक पट्टा लागला की नांगर आपोआप वर येतो, म्हणून तुम्ही ट्रॅक्टरची लिफ्ट (अवजार उचलणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा) खोलायला निघालात. जरा थांबा. तुमचा ड्राफ्ट लिव्हर, म्हणजे ताणाप्रमाणे नांगर आपोआप वर-खाली करणारा दांडा, चालू असणार.

नांगरावर ताण वाढला की टॉप लिंक (नांगराला ट्रॅक्टरशी वरच्या बाजूने जोडणारा दांडा) मागून दाबली जाते. तिच्या मुळाशी असलेली स्प्रिंग तो दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचवते, पंपाचं तेल सिलिंडरमध्ये जातं आणि नांगर थोडा उचलला जातो. ताण उतरला की परत खाली. (खाली येतो तो स्वतःच्या वजनाने, तेल फक्त वर ढकलतं.) हॅरी फर्ग्युसनची ही युक्ती १९३९च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर गाजली.

आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उन्हाळी नांगरटीला ड्राफ्टच बरा, नाहीतर चाकं जागेवर फिरतात. पण ज्वारीची पेरणी किंवा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) असेल तर पोझिशन लिव्हर, जो अवजार ठरवलेल्या एकाच उंचीवर धरतो. मी एकदा ड्राफ्टवरच पेरलं, बी कुठं खोल, कुठं उघडं! वडिलांनी आठवडाभर ऐकवलं.

उचललेला नांगर इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसतो का, तेवढं बघून सांगा. झपाट्याने बसत असेल तर मात्र सील किंवा व्हॉल्व्ह तपासावा लागेल.