द्राक्षं केपमार्गे रॉटरडॅमला: रीफरमध्ये (गार कंटेनरमध्ये) टिकतील का?

निफाडकर: थॉमसन जातीच्या द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून जाणार आहे. जहाज लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतंय, म्हणजे दोनेक आठवडे जास्त. तापमान शून्यावर लावलं की पुरे ना?

पॅकहाऊसवाली ताई: नाही हो दादा! रीफर फक्त गार माल गार ठेवतो, गरम माल त्यात गार होत नाही. पहाटे काढणी, लगेच प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधीच माल गार करणं. मण्यात थर्मामीटर खुपसून बघा. एक अंशाच्या आसपास आल्याशिवाय भरू देऊ नका. प्रत्येक पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड हवाच.

सीएचए (कस्टम एजंट), उरण: गार हवा खालच्या टी-फ्लोअरमधून (खाचांच्या तळातून) वर येते. कंटेनरच्या आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेट्या रचू नका. डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) दाराजवळच्या पॅलेटवर ठेवा.

निफाडकर: ताई, भरताना स्वतः उभा राहतो.