सिस्टीम कॉल शिकवायचा तर आधी जीडीबी की आधी एसट्रेस?

दादरकर
शनिवार-रविवार दादरला इंजिनीअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. माझं ठाम मत आहे की सिस्टीम कॉलचा (प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागणीचा) धडा जीडीबी, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं टूल, उघडल्याशिवाय शिकवूच नये. 'यूजर मोड, कर्नल मोड'ची आकृती मुलं घोकून येतात, व्हायवात धडाधड म्हणतात, आणि नेमकं काय घडतं विचारलं की गप्प.

फाईल वाचून छापणारी साधी कॅट कमांड घ्या आणि तिला अस्तित्वात नसलेली फाईल द्या. जीडीबीत 'कॅच सिस्कॉल ओपनॅट' टाका, म्हणजे फाईल उघडण्याच्या ओपनॅट कॉलपाशी प्रोग्रॅम थांबेल, आणि रन करा. सुरुवातीचे थांबे लायब्ररी उघडण्याचे असतात, ते पुढे ढकला. आपल्या फाईलपाशी आलात की आरएसआय रजिस्टरमधल्या (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली छोटी साठवणजागा) पत्त्यावर तिचं नाव वाचता येतं. कॉलचा नंबर जपून ठेवणाऱ्या ओरिग-आरएएक्समध्ये २५७ दिसतो, म्हणजे ६४ बिटी एक्स८६ लिनक्सवरचा ओपनॅटचा नंबर. आणि जिथे कॉलचं उत्तर येतं त्या आरएएक्समध्ये उणे ३८! हा तर 'असा कॉलच नाही' या एररचा आकडा. कॉल अजून झालेलाच नाही, मग एरर आली कुठून? कर्नलमध्ये शिरतानाच तो तिथे भरून ठेवलेला असतो. नंबर भलताच निघाला तर तेच उत्तर परत जातं. कंटिन्यू केलं की प्रोग्रॅम परतीच्या वाटेवर पुन्हा थांबतो. आता आरएएक्स उणे २, म्हणजे फाईल नाही. सी लायब्ररी याचंच पुढे उणे १ करते आणि २ हा आकडा एररनो या व्हेरिएबलमध्ये ठेवते.

या उणे ३८ वर वर्गात जेवढी चर्चा होते तेवढी कुठल्याच आकृतीवर होत नाही. एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सिस्टीम कॉल ओळीने छापणारं टूल, हे सगळं एका तयार ओळीत हातात ठेवतो, म्हणून तो नंतर.

विक्रोळीकर
सर, अजिबात पटलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला रजिस्टरं दाखवलीत तर अर्धा वर्ग तिथेच गळेल. एसट्रेस १९९१ मध्ये सनओएस या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिला गेला आणि आजही रोज वापरला जातो, कारण तो माणसाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी सर्व्हिस का उठत नाही म्हणून लॉग चाळत बसली होती. लॉगमध्ये फक्त 'स्टार्ट फेल्ड'. एसट्रेसला 'एफ' लावून चाइल्ड प्रोसेससकट चालवलं, तर ओपनॅटच्या ओळीत ईअ‍ॅक्सेस; सर्टिफिकेटची फाईल वाचायची परवानगीच नव्हती. आरएएक्समध्ये काय होतं हे तिला कुणी विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. आधी उपयोग कळू द्या, खोलात मग शिरतील.

माहीमची
उपयोगाचंच म्हणाल तर 'हा कॉल माझ्या कोडच्या कुठल्या ओळीतून गेला' हाही रोजचाच प्रश्न आहे. जीडीबीत थांबल्यावर बीटी (बॅकट्रेस) म्हटलं की फंक्शन कॉलची सगळी साखळी समोर, शिवाय व्हेरिएबल्सही तपासता येतात. एसट्रेसला 'के' लावून स्टॅक मिळतो हे खरं, पण तो तसा बिल्ड केलेला असावा लागतो, आणि व्हेरिएबल्स दिसत नाहीत ते नाहीतच. मी सरांच्या बाजूने.

बीकेसीतला
मंडळी, तुम्ही ज्यावरून भांडताय ती दोन्ही टूल्स एकाच पीट्रेसवर, म्हणजे एका प्रोसेसला दुसरीवर नजर ठेवू देणाऱ्या कर्नलच्या सोयीवर, उभी आहेत. दर कॉलला प्रोसेस दोनदा थांबते, जाताना आणि येताना. मी शेअर बाजाराशी जोडलेल्या सिस्टीम सांभाळतो. सव्वानऊला बाजार उघडतो, त्या घटकेला चालू प्रोसेसला कुणी एसट्रेस जोडला तर ऑर्डरी तुंबतील. मुलं कॉलेजातली सवय घेऊनच नोकरीला येतात. त्यांना पहिल्यापासून पर्फ ट्रेस आणि बीपीएफट्रेस ही टूल्स शिकवा. तिथे कर्नलच नोंद करतो, प्रोसेसला दर कॉलला थांबावं लागत नाही.

दादरकर
चालू सर्व्हरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बीपीएफट्रेसला रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण अधिकार, लागतं आणि लॅबच्या मशीनवर मुलांना रूट कोण देणार? उबंटूत चालू प्रोसेसला जोडायला गेलात तर पीट्रेस-स्कोप हा सुरक्षेचा निर्बंध आडवा येतो, पण जीडीबीतूनच प्रोग्रॅम सुरू केला तर काही अडचण नाही. शिवाय मुलांनी थांबून बघावं हाच माझा हेतू आहे. तुम्हाला नको असलेला थांबा मला हवा आहे.

पवईकर
सर, तुमचा हेतू चांगला आहे, दावा मात्र मोठा आहे. 'कॅच सिस्कॉल'मध्ये कर्नल दिसत नाही. दिसतात ती प्रोसेसची जपून ठेवलेली रजिस्टरं. आतलं बघायचं तर क्यूएमू या आभासी मशीनला 'एस' लावून कर्नल चालवा, कर्नलचे पत्ते दर वेळी बदलू नयेत म्हणून नोकेएएसएलआर द्या, बाहेरून जीडीबी १२३४ पोर्टला जोडा आणि डू-सिस-ओपनॅट२ या कर्नलमधल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट टाका. आणि दोन आंधळ्या जागा मुलांना सांगाच. वेळ विचारणारा क्लॉक-गेटटाइम बहुतेक वेळा व्हीडीएसओमधून, म्हणजे कर्नलने प्रोसेसच्याच मेमरीत ठेवलेल्या कोडमधून, परस्पर उरकतो, कर्नलमध्ये जातच नाही. आयओ-यूरिंग, म्हणजे कामं रांगेत टाकून कर्नलकडून करून घ्यायची सोय, २०१९ मध्ये लिनक्स ५.१ बरोबर आलं. त्यातून उघडलेली फाईल ना तुमच्या कॅचला सापडेल, ना एसट्रेसला.

विक्रोळीकर
बघा, यादी वाढतच चालली. दुसऱ्या वर्षाला हे सगळं?

दादरकर
सगळं नाही. पवईकर, व्हीडीएसओ पुढच्याच शनिवारी घेतो. वेळ छापणारा प्रोग्रॅम लिहायला सांगून त्यातला कॉल एसट्रेसमध्ये शोधायला लावीन. क्यूएमूसाठी डीबग माहितीसकट कर्नल बिल्ड करावा लागेल, ते मुलांच्या लॅपटॉपवर होणार नाही. मी घरून बिल्ड करून पेनड्राइव्हवर आणतो. पण विक्रोळीकर, पहिला तास जीडीबीचाच राहणार.