सोसायटी ग्रुप: सेकंड-हँड रोड बाईक बघतेय, कुणी सांगाल का?

शनिवार

ए-२०३, रात्री ८:४०
नमस्कार. मला रोड बाईक घ्यायची आहे, म्हणजे ती वळलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल. शाळा सुटल्यापासून सायकल हातात घेतलेली नाही. ऑनलाइन एक दिसली, २२ हजार सांगतोय, फोटो टाकलेत. रंग अगदी नवा दिसतो. सी विंगचे दादा रविवारी पहाटे सायकल घेऊन निघतात ना, त्यांनी जरा नजर टाकावी ही विनंती.

सी-६०१, ८:५२
बघितली. सायकल चांगली आहे, पण तुझ्या मापाची नाही. चौथा फोटो मोठा करून बघ, सीटखालच्या नळीवर ५६ लिहिलंय, ते फ्रेमचं माप, सेंटीमीटरमध्ये. तुझी उंची किती?

ए-२०३, ८:५३
५ फूट ३. तो म्हणतो सीट खाली केली की झालं.

सी-६०१, ९:०१
हेच ऐकून नवीन माणूस फसतो. सीट खाली जाते, सायकलची लांबी कमी होत नाही. ५६ ची फ्रेम ५ फूट १० च्या आसपासच्या माणसाची. तू बसलीस तर ब्रेकपर्यंत पोचायला अंग ताणावं लागेल. महिनाभरात मान आणि मनगटं धरतील आणि तुला वाटेल आपल्यालाच जमत नाही. तुझ्यासाठी ४८ ते ५०. काही कंपन्या आकडा न लिहिता एस किंवा एक्सएस लिहितात. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभी राहा, मधे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. माप जुळत नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नकोस.

बी-३०४, ९:०५
पण रोड बाईकच कशाला? सरळ हँडलची नवी हायब्रिड घे. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या जाळ्या बघितल्या आहेत ना? बारीक टायर जाळीत अडकला की माणूस हँडलवरून पुढे.

सी-६०१, ९:०९
जाळीचं अगदी खरं आहे. स्टेशन, भाजी, ऑफिस एवढंच असेल तर हायब्रिडसारखी सायकल नाही. तुला कुठे चालवायची आहे?

ए-२०३, ९:१२
लांब जायचंय. ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रोडपर्यंत. आणि पुढच्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड, करायची आहे. साडेतेरा तास मिळतात, मी वाचून ठेवलंय.

सी-६०१, ९:१४
मग रोड बाईकच घे. फक्त २८ चा, म्हणजे २८ मिलिमीटर रुंद टायर बसेल अशी बघ. जुन्या रोड बाईकना २३ चे टायर असतात आणि पुष्कळ फ्रेममध्ये त्याहून फार जाड बसतच नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवर २३ म्हणजे रोज पंक्चर.

डी-४०२, ९:२०
आपल्या इथून निघून सी लिंक, कोस्टल रोड करता येतो का गं? किती छान वाटेल.

सी-६०१, ९:२१
नाही काकू. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हीवर सायकलला बंदी आहे. मरीन ड्राइव्ह मात्र पहाटे आपलंच असतं.

ए-१०२, ९:३०
मी चाळीस वर्षं फिटर होतो, मला गिअरची सायकल कळत नाही, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम कळतं. समुद्राजवळ ठेवलेली वस्तू असेल तर रंगावर जाऊ नये. खारा वारा जोडात शिरतो. बाहेरून चकचकीत, आतून जाम.

सी-६०१, ९:४१
काका, हे लाखातलं बोललात. माझी पहिली रोड बाईक अशीच गेली. घेतली तेव्हा सीट बरोबर उंचीवर होती, म्हणून मी ती हलवून बघितलीच नाही. वर्षभराने काढायला गेलो तर सीटचा दांडा फ्रेममध्ये घट्ट बसलेला. ॲल्युमिनियमला पांढरी पूड धरते, ती फुगते आणि दांडा आवळून टाकते. शेवटी करवत लावली आणि फ्रेमच चिरली. अजून जिवाला लागतं. तेव्हापासून कुणाबरोबरही सायकल बघायला गेलो की पहिलं वाक्य एकच: सीटपोस्ट माझ्यासमोर पूर्ण बाहेर काढून दाखवा.

डी-४०२, ९:४८
आणि बिल मागायचं, बरं का. सायकलला आरटीओचं पुस्तक नसतं, त्यामुळे बिल आणि फ्रेमचा नंबर एवढाच पुरावा. चोरीचा माल आहे असं वाटायला कारण असूनही घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, पूर्वीचं ४११. वकील म्हणून सांगते, बिल हरवलं असेल तर निदान विकणाऱ्याचं ओळखपत्र बघून लेखी पावती घ्या.

सी-६०१, ९:५०
नंबर बहुतेक वेळा पेडलच्या मधल्या कवचाखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करावी लागते.

रविवार

ए-२०३, दुपारी १:१५
५६ वाली सोडली. आज वरळीला दुसरी बघून आलो, दादा सोबत आले, त्यांचे किती आभार मानू. ॲल्युमिनियमची फ्रेम, माप ४९, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे आठ गिअर. मागतात २४ हजार. मूळ बिल आहे, नंबर जुळला.

सायकल समुद्राकडच्या पार्किंगमध्ये दोन पावसाळे कव्हरखाली उभी होती. कव्हर काढलं तेव्हा मला वाटलं लगेच पैसे द्यावेत, इतकी सुंदर दिसत होती. दादांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. शून्य चेनच्या एका पिनवर ठेवला, तर १२ इंचाच्या खुणेवर पिन यायला हवी होती, ती किंचित पुढे गेलेली. १/१६ इंच. म्हणजे चेन बदलायची. १/८ गेली असती तर मागची कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, तोही गेला असं समजायचं.

मग पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागेपुढे ढकलली. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वर टकटक झाली असती तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, सैल, पण नाही झाली. पेडलचे दांडे आडवे हलवून बघितले, घट्ट. चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या रबराकडे बघत राहिलो, मागच्या चाकाला थोडा आऊट आहे, म्हणजे ते फिरताना किंचित डावी-उजवीकडे जातं. मोबाईलचा टॉर्च लावून हँडलखालच्या नळीचा जोड आणि वेल्डिंग बघितलं, कुठे केसासारखी चीर नाही, रंग फुगलेला नाही.

गिअर बदलताना डावं लिव्हर दोनदा पकडलंच नाही, नुसतं पोकळ हलायचं. दादा म्हणाले आतलं ग्रीस सुकलंय, धुऊन निघेल, पण निघालं नाही तर हा भाग महाग पडतो.

आणि शेवटी सीटपोस्ट. बोल्ट सैल केला. नाही हलली. मालकांनी जोर लावला, तरी नाही. मला ती अडीच-तीन सेंटीमीटर खाली हवी आहे.

ए-१०२, १:२४
हातोडी कुणी लावली नाही ना?

ए-२०३, १:२५
नाही काका. दादांनी हातच लावू दिला नाही. मालक चांगले आहेत, म्हणाले मला कल्पनाच नव्हती.

ए-१०२, १:३३
गंज सोडवायचं तेल जोडावर सोडायचं, सायकल उलटी टांगून आतूनही जाऊ द्यायचं. रात्रभर. सकाळी सीट धरून डावी-उजवी पिळायची, वर ओढायची नाही. नाही निघाली तर परत तेल, परत रात्र. घाई केली की फ्रेम जाते.

सी-६०१, १:४०
मालकांना हाच निरोप दे. पोस्ट निघाली तर पैसे, नाही निघाली तर राम राम. ॲडव्हान्स देऊ नकोस, ५०० रुपयेसुद्धा नाही.

बी-३०४, १:४६
दोन पावसाळे उभी म्हणजे टायरही तपासा. बाजूला बारीक भेगा असतील तर हवा भरली की फुटतो.

ए-२०३, १:४८
आहेत भेगा. टायर दोन्ही बदलणार, फ्रेममध्ये २८ बसतो हे बघून घेतलं.

मंगळवार

ए-२०३, सकाळी ९:०५
निघाली!! दोन रात्री लागल्या. मालकांनी व्हिडिओ पाठवलाय, खाली टाकते. आधी दाराची बिजागरी करकरते तसा आवाज, मग अर्धा सेंटीमीटर, मग हळूहळू पूर्ण. दांड्यावर पिठासारखी पांढरी पूड, खाली एक खोल चरा, पण फ्रेम शाबूत.

सी-६०१, ९:१२
व्हिडिओ दोनदा बघितला. फार बरं वाटलं. आता भाव. चेन, दोन टायर-ट्यूब, चाकाचा आऊट काढणं, लिव्हर धुणं, ओव्हरऑईल, सगळं मिळून पाच हजारांच्या आत येणार नाही. तेवढे वजा करून बोल. लिव्हरचं शांतपणे समजावून सांग, ते ऐकतील.

ए-२०३, संध्याकाळी ७:३०
साडेअठराला दिली. पावती लिहून घेतली, काकू. उद्या टेम्पोने आणते, शनिवारपर्यंत आपल्या मेकॅनिककडे तयार होईल.

डी-४०२, ७:३४
अभिनंदन गं! हेल्मेट मात्र नवंच घे, कुणाचं वापरलेलं नको. एकदा आदळलेलं वरून कळत नाही. आणि पुढे-मागे लाईट. हायवेला पहाटे ट्रक असतात, माझा जीव वर-खाली होईल.

सचिव, ७:५०
बी विंगच्या जिन्याखाली हूक रिकामा आहे, तिथे लावा. जिना अडवू नका. फ्रेम आणि चाक दोन्हीतून कुलूप घाला, नुसत्या चाकाला लावलेलं उपयोगाचं नाही.

ए-१०२, ७:५८
पोस्ट परत घालण्याआधी फ्रेमची नळी आतून कापडाने पुसायची आणि ग्रीस लावायचं. मेकॅनिक विसरतो. तू समोर उभी राहा.

ए-२०३, ८:०१
उभी राहते काका. दादा, हवा आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे भरता येते ना?

सी-६०१, ८:०६
याचा वाल्व बारीक असतो, त्याचा पंप बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, स्वस्त असतो, दोन घे आणि एक कायम पिशवीत ठेव. तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास. रविवारी पहिल्या दिवशी पाम बीच नाही. ५:४५ ला गेटवर ये, फक्त ठाण्यापर्यंत जाऊन परत येऊ. हवा मी माझ्या पंपाने भरतो.