दोन किलोचं ए-२ जॅकेट रोज घालता येतं का?

शिकागोकर

गेले दोन हिवाळे मी घोड्याच्या चामड्याचं ए-२ जॅकेट वापरतोय. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने १९३१ साली वैमानिकांसाठी मंजूर केलेल्या जॅकेटची ही हुबेहूब प्रतिकृती आहे. घरच्या काट्यावर दोन किलोच्या थोडं वरच भरतं. पैसे साठवून घेतलं होतं, त्यामुळे पुढचं लिहिताना वाईट वाटतंय, पण माझं मत पक्कं झालंय: हे जॅकेट रोज घालण्याजोगं नाही.

ट्रेनमध्ये उभं राहून वरची दांडी धरली की अख्खं जॅकेट हाताबरोबर वर येतं आणि कंबर उघडी पडते. पाठ एकसंध चामड्याची, खांद्यामागे चुणी नाही, मग हात हलायला जागा येणार कुठून? गाडीत बसलं की पुढचा भाग ताठ उभा राहून हनुवटीला टेकतो. खिशांत वरून वस्तू टाकायची सोय आहे, पण गारठलेले हात बाजूने सरकवायला जागा नाही. आणि उणे १० अंशांत ते पुरतही नाही. वारा अडतो, पण आत नुसतं सुती अस्तर. ट्रेनमधल्या उबेत मात्र घाम फुटतो आणि दोन किलो हातावर वागवावे लागतात.

ज्यांना हे रोज जमतं त्यांनी कसं ते खरंच सांगावं.

सुईदोरा

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला चामड्याचे कपडे दुरुस्त करते. तुमच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, फक्त दोष चुकीच्या जागी लावलाय. दुसऱ्या महायुद्धातली जी मूळ ए-२ माझ्या टेबलावर आली, ती हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतो तो हलकेपणा. चामडं साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, चांगलं लवणारं. आज 'जास्त जाड म्हणजे जास्त अस्सल' अशी समजूत पसरली आहे, आणि काही कारखाने दीड मिलिमीटरचं चामडं वापरून तिला खतपाणी घालतात. ती जाडी मोटारसायकलवाल्यांच्या जॅकेटची. रस्त्यावर घसरलं तर अंग सोलवटू नये म्हणून ती असते. विमानात बसलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

दुसरं म्हणजे, लष्कराच्या जॅकेटांच्या नामावलीत 'ए' मालिका उन्हाळी उड्डाणाची आणि 'बी' हिवाळी. उन्हाळी जॅकेटाने शिकागोचा जानेवारी निभावून न्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ५ ते १२ अंशांत घालून बघा.

मुळामुठा

दोघांशीही असहमत. मिनीआपोलिसला नऊ वर्षं जाड चामड्याचंच ए-२ घालतोय. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल जवळजवळ रोज, कडाक्याच्या थंडीत आत लोकरीचा स्वेटर. वजन हॅंगरवरून उचलताना जाणवतं, अंगावर नाही, कारण मापाचं जॅकेट खांद्यांवर सारखं बसतं. पहिले पाच-सहा महिने त्रास होतो हे कबूल. मग कोपराच्या आत तुमच्याच हाताच्या घड्या पडतात आणि बाही जणू सांध्यासारखी वाकायला लागते. आठवड्यातून एकदा घालून कपाटात ठेवणाऱ्याच्या वाट्याला हे कधीच येत नाही. म्हणजे रोज घालणं हाच यावरचा उपाय आहे.

सुईदोराताई, पातळ चामडं खिशाच्या कोपऱ्याशी फाटतं हे तुम्हीच जास्त पाहिलं असेल. नऊ वर्षांत माझ्या जॅकेटाचे फक्त मनगटाचे विणलेले पट्टे बदलावे लागले.

शिकागोकर

मुळामुठा, सहा महिने त्रास काढून कपड्याची मर्जी मी का सांभाळायची? कपड्याने माझी सोय पाहावी.

गोदातीर

इथे बी-३ या हिवाळी जॅकेटची गोष्ट सांगायला हवी, कारण जड म्हणजे काय ते तिथे कळतं. लोकरीसकट मेंढीचं कातडं, १९३४ पासून वापरात. बी-१७ बॉम्बफेकी विमानांत हवेचा दाब राखायची सोय नव्हती, बाजूचे तोफची उघड्या खिडकीशी उभे असत, आणि २५,००० फुटांवर पारा उणे ४० च्याही खाली जाई. तिथे ते जॅकेट जीव राखायला होतं. पण त्याच्या जाडीमुळे अरुंद जागेत हालचाल होईना, म्हणून विजेवर तापणारे पोशाख आले. ए-२ ची नवी खरेदीही १९४३ साली लष्कराच्या हवाई शाखेचे प्रमुख जनरल अर्नोल्ड यांनी थांबवली आणि कापडी जॅकेटं पुढे आली. ज्यांच्यासाठी शिवलं त्यांनीच सोडलं, तर आपण किराणा आणायला जाताना ते का घालावं?

मुळामुठा

खरेदी वरच्यांनी थांबवली. उडणाऱ्यांनी ती सोडली नाहीत. पाठीवर विमानाचं नाव, प्रत्येक मोहिमेचा एकेक बॉम्ब असं रंगवून युद्ध संपेपर्यंत मिरवली. आणि १९८८ साली अमेरिकी हवाई दलाने ए-२ परत आणलंच ना?

गोदातीर

आणलं, पण शेळीच्या चामड्यात! आणि नंतर त्याला हात खुपसायला बाजूचे खिसेही दिले. म्हणजे शिकागोकरांची तक्रार हवाई दलाला पटली होती.

ठाणेकर_परतलेला

थोडं अवांतर, पण भारतात परत येणाऱ्यांनी वाचावं. माझं जॅकेट मी ठाण्याला आणलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं. जुलैअखेर कॉलरखाली पांढरी बुरशी. चामड्याला हवा लागते. रुंद खांद्याचा हॅंगर, वर जुनी सुती चादर, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पंख्याखाली.

सुईदोरा

फाटण्याबद्दल: खिशाचा कोपरा फाटतो तो बहुतेकदा आत अस्तराच्या बाजूने आधाराचा तुकडा लावलेला नसतो म्हणून. जाडी वाढवून ती उणीव भरत नाही.

शिकागोकर, तुम्ही अमेरिकी आरमाराच्या वैमानिकांचं जी-१ जॅकेट घालून पाहा. शेळीचं चामडं वजनाच्या मानाने चिवट असतं, दुकानातून आणल्या दिवसापासून लवतं. शिवाय खांद्यांमागे घडी दिलेली आणि काखेत जादा तुकडा असतो, त्यामुळे हात वर केला तरी कंबर झाकलेली राहते. ए-२ मध्ये तुम्हाला नडणारी नेमकी तीच गोष्ट. घेताना विक्रेत्याला चामड्याची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा, आणि आरशासमोर दांडी धरल्यासारखा हात वर करून बघा. त्या काळी पॅंट बेंबीपर्यंत असायची, म्हणून ही जॅकेटं आखूड. आजच्या खाली बसणाऱ्या पॅंटीवर फट पडणारच, तेव्हा उंच कमरेची पॅंट घाला.

शिकागोकर

काल आरशासमोर हात वर करून पाहिला. कंबर चार बोटं उघडी. जी-१ शोधतोय. मुळामुठा, माझ्या ए-२ चं माप ४२. तुमच्या ओळखीत कोणाला रोज घालायला हवं असेल तर सांगा, कपाटात ठेवणाऱ्याला मला ते द्यायचं नाही.

मुळामुठा

माझ्या भाच्याचं माप ४२ च आहे, आणि तो सायकलने कॉलेजला जातो. व्यक्तिगत निरोप पाठवतो.