अर्धांगानंतर ट्रेडमिल: चालणं परत येतं की फक्त पट्ट्यावरचं चालणं?

सांजवेळ:
बाबांना स्ट्रोक होऊन सात महिने झाले. डावी बाजू लुळी पडली होती. काठीच्या आधाराने घरात फिरायचे, पण वीसेक पावलांत थकून बसायचे. चौथ्या महिन्यात छातीला हार्नेस (वरून टांगून शरीराला आधार देणारे पट्टे) बांधून ट्रेडमिल सुरू केली. पहिल्या दिवशी डावा पंजा पट्ट्यावर घासत यायचा, खर्र... खर्र. फिजिओ शेजारी बसून दर पावलाला हाताने टाच टेकवून द्यायच्या. तीन आठवड्यांनी एका सकाळी लक्षात आलं, की तो आवाजच येत नाहीये. त्या दिवशी मी बाहेर जाऊन रडले.

माझं स्पष्ट मत आहे, की प्रत्येक रुग्णाला हे अगदी पहिल्या दिवसांपासून मिळायला हवं. मेंदूला पुन्हा शिकायचं तर पावलांची संख्या लागते. जमिनीवर धरून चालवताना रुग्ण आणि धरणारा दोघंही दमतात, आणि पावलं पडतात मोजकीच.

तोल_सांभाळून:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाबांची प्रगती वाचून मनापासून आनंद झाला. पण ‘प्रत्येक’ आणि ‘पहिल्या दिवसांपासून’ या दोन्ही शब्दांना माझा विरोध आहे.

अमेरिकेतल्या ‘लीप्स’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ४०८ रुग्ण होते. एका गटाला स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी हार्नेससह ट्रेडमिल, दुसऱ्याला सहा महिन्यांनी, तिसऱ्याला फिजिओने घरी येऊन करून घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम. वर्षअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांचं चालणं वरच्या टप्प्यावर गेलं होतं, आणि तिन्ही गटांत फरक नव्हता. उलट ज्यांचं चालणं फार बिघडलेलं होतं त्यांच्यात, लवकर ट्रेडमिल मिळालेल्या गटात, पुन्हा पुन्हा पडण्याचे प्रकार जास्त झाले.

आणि पहिल्या २४ तासांतच रुग्णाला भरपूर उठवण्या-चालवण्याचा प्रयोग २०१५ च्या ‘ॲव्हर्ट’ चाचणीत झाला होता. तीन महिन्यांनी त्या रुग्णांची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी चांगली निघाली. घाई नडते.

सांजवेळ:
पहिल्या दिवसांचं मागे घेते, हे मला माहीत नव्हतं. पण फरक नाही म्हणजे ट्रेडमिल निरुपयोगी असं कसं? तिसऱ्या गटाकडून तरी रोज न चुकता तेवढे व्यायाम करून घेणारं माणूस होतं. ते नसेल तर?

उंबरठा:
माझा अनुभव वेगळा आहे. आमचे हे ट्रेडमिलवर वीस मिनिटं न थांबता चालायचे. सगळे कौतुक करायचे. आणि घरी न्हाणीघराच्या दारात वळताना पडले, मनगट मोडलं. पट्ट्यावर वळायचं नसतं, अडखळून सावरायचं नसतं, कुणी हाक मारली म्हणून मान वळवायची नसते. शिवाय उजव्या हाताने दांडा इतका घट्ट धरलेला असायचा, की बोटं पांढरी पडायची. सगळा भार त्या हातावर. हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

चाल_धरून:
उंबरठाताई, वाईट वाटलं. तरीही यंत्राच्या बाजूने बोलतो. ऑस्ट्रेलियातली ‘मोबिलाइज’ चाचणी घ्या: १२६ रुग्ण, स्ट्रोकनंतर पहिल्या चार आठवड्यांतले, एकालाही चालता येत नव्हतं. सहा महिन्यांनी हार्नेस-ट्रेडमिलच्या गटातले ७१ टक्के स्वतंत्र चालू लागले, जमिनीवर सराव केलेल्यांतले ६० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का ठरला नाही, हे मान्य. पण ज्याच्या घरातलं माणूस अंथरुणावर आहे, त्याने एवढी शक्यता का सोडावी?

तोल_सांभाळून:
सोडा असं म्हणत नाही. पण ‘कोक्रेन’ या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५६ चाचण्या आणि ३१०५ रुग्ण एकत्र धरले, तेव्हा ट्रेडमिलमुळे स्वतंत्र चालू लागण्याची शक्यता वाढलेली दिसली नाही. वेग आणि दम थोडा वाढला, तोही आधीपासून चालू शकणाऱ्यांचा. सांजवेळ, तुमचे बाबा नेमके याच गटातले.

त्यामागचं कारण मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. पट्टा पाऊल मागे नेतो, मांडी कमरेतून मागे ताणली जाते आणि त्या ताणाने पाय पुढे यायला मदत होते. ज्याच्या पायात थोडी ताकद परतली आहे, त्याला याचा फायदा होतो. जो खुर्चीतून उठूच शकत नाही, त्याला आधी उठणं-बसणं, लुळ्या पायावर भार घेणं शिकवावं लागतं. त्याचा वेळ हार्नेस बांधण्या-सोडण्यात गेला, की मला हळहळ वाटते.

दांड्याबद्दल ताई शंभर टक्के बरोबर आहेत. हार्नेस असताना हात हळूहळू सुटायलाच हवा.

सांजवेळ:
बाबाही दांडा घट्ट धरतात, आज मुद्दाम पाहिलं. ट्रेडमिल बंद करणार नाही, सहा मिनिटांत ९० मीटरवरून ते १६० मीटरवर आलेत. पण उतरल्यावर दहा मिनिटं दारातून आत-बाहेर, दोन्ही बाजूंना वळण, असं फिजिओंना विचारून सुरू करते. उंबरठाताई, ते कोणत्या बाजूला वळताना पडले होते?

उंबरठा:
लुळ्या बाजूला. वळताना तो पाय जागचा हललाच नाही. तुम्ही त्याच बाजूला उभ्या राहा.