हमीभाव केंद्राचा, मग आमदाराला विचारायचं तरी काय?

(मंचावरची चर्चा: मत उमेदवार बघून द्यायचं की पक्ष-आघाडी बघून? प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

गिरणाकाठ

२०२४ च्या विधानसभेला खान्देशातल्या २० पैकी १९ जागा महायुतीला गेल्या. जळगावच्या ११ पैकी ११, धुळ्याच्या ५ पैकी ५, नंदुरबारच्या ४ पैकी ३. नवापूर तेवढं काँग्रेसकडे राहिलं. त्याआधी सहाच महिने लोकसभेला धुळे आणि नंदुरबार दोन्ही काँग्रेसने घेतले होते. एवढी उलथापालथ झाली, पण प्रचारात काय होतं? गद्दार कोण, निष्ठावंत कोण, धनुष्यबाण कोणाचा, घड्याळ कोणाचं. कापूस भाषणात यायचा तो ‘भाव मिळालाच पाहिजे’ एवढ्या एका वाक्यापुरता.

माझं म्हणणं असं की चिन्हांची भांडणं त्यांची त्यांना लखलाभ. उमेदवाराला तेच विचारा जे राज्याच्या हातात आहे. हमीभाव केंद्र ठरवतं, खरेदी सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) करते, आयात शुल्कही केंद्राचं. ऑगस्ट २०२५ मध्ये ११ टक्के शुल्क माफ झालं तेव्हा विधानसभेला कोणी विचारलं नाही. त्यामुळे ‘कापसाला दहा हजार भाव देऊ’ म्हणणाऱ्या उमेदवाराला टाळी देऊ नका, सरळ विचारा: कुठून?

राज्याच्या हातात भावांतर आहे, म्हणजे पडलेल्या भावाची भरपाई. २०२३ च्या खरिपासाठी राज्याने कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५००० रुपये दिले, २ हेक्टरच्या मर्यादेत. ०.२ हेक्टरपेक्षा कमी असेल तर सरसकट १०००. हेक्टरी साडेबारा क्विंटल कापूस धरला तर क्विंटलमागे ४०० रुपये पडले. आणि २०२४ च्या प्रचारात महायुतीचं आश्वासन काय होतं? हमीभावावर २० टक्के अनुदान. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ होता, म्हणजे २० टक्के झाले १५०४. आता ४०० कुठे आणि १५०४ कुठे! हे २० टक्के अख्ख्या हमीभावावर, की बाजारभाव आणि हमीभाव यांच्यातल्या फरकावर? हे उमेदवाराकडून लेखी घ्या. जो लिहून देणार नाही, तो कुठल्याही पक्षाचा असो, घरी बसवा.

प्रतोद

लेखी घेऊन करणार काय? फ्रेम करून ओसरीवर लावणार?

भाऊ, आमदार सभागृहात उभा असतो तो पक्षाचा म्हणून. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीत, स्पष्ट आहे: पक्षादेशाविरुद्ध (व्हिप) मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी धोक्यात. किहोटो होलोहान निकालात (१९९२) न्यायालयाने म्हटलं की हे बंधन विश्वासमत आणि ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली त्यापुरतं असावं. म्हणजे जाहीरनाम्यातला विषय आला की पक्षादेश हमखास लागू. तुमचे ते २० टक्के नेमके तिथेच येतात.

दुसरं, पैसे. ज्या विधेयकाने राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च होणार, ते राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमतच होत नाही, अनुच्छेद २०७. शिफारस येते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मग पाचोऱ्याचा किंवा चोपड्याचा आमदार एकटा काय दिवे लावणार? हेक्टरी ५००० की क्विंटलला १५०४, हे वित्त विभागात ठरतं आणि पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात) दिसतं. म्हणून मत द्यायचं ते आघाडी बघून, जाहीरनामा बघून. उमेदवार भला माणूस आहे की नाही हे लग्नाच्या पंगतीत बघावं.

बोदवड फाटा

गिरणाकाठ, लोकसभेचं उदाहरण चुकीच्या जागी आहे. धुळे लोकसभेच्या सहा मतदारसंघांत धुळे जिल्ह्याचे तीनच: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा. उरलेले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण नाशिक जिल्ह्यात. शोभा बच्छाव ३८३१ मतांनी आल्या त्या मालेगाव मध्यच्या प्रचंड आघाडीवर. धुळे जिल्ह्याने सहा महिन्यांत मन बदललं, असा अर्थ त्यातून निघत नाही.

गिरणाकाठ

मान्य. नंदुरबारपुरतं म्हणणं ठेवतो.

प्रतोद, पक्षादेश मतदानाला लागतो. तारांकित प्रश्नाला लागत नाही, नियम १०५ च्या लक्षवेधीला लागत नाही, अर्ध्या तासाच्या चर्चेला लागत नाही. सत्ताधारी आमदारही आपल्याच मंत्र्याला प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ते छापलं जातं, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. विद्यमान आमदार पुन्हा उभा असेल तर त्याची भूमिका तिथे शोधा, बॅनरवर नको.

केळीबाग

रावेर-यावलकडचं बोलतो, कारण इथे ‘हा केंद्राचा विषय’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या ५ टक्के, आंबिया बहारात नोंदणी, केळीची मुदत ३१ ऑक्टोबर. थंडीची अट अशी: १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर सलग ३ दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. आता समजा पहिल्या रात्री ७.६, दुसऱ्या रात्री ७.९ आणि तिसऱ्या रात्री ८.२. भरपाई शून्य. बागेला चरका बसलेला असतो, पोंग्यातलं पान काळं पडलेलं असतं, घड नीट निसवत नाही. पण कागदावर थंडी पडलेलीच नसते. आणि ते ८.२ मोजलं कुठे? महसूल मंडळातल्या एका हवामान केंद्रावर. त्याच मंडळात तापीकाठची गावंही असतात आणि सातपुड्याच्या पायथ्याचीही, पहाटेचा गारठा दोन्हीकडे सारखा कसा असेल? केंद्र झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला असेल तर अजून बोंब.

रोगाचं तर नावच नको. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू) आला की झाडं उपटून फेकावी लागतात. पण ही योजना पारा, वारा, पाऊस मोजते, विषाणू मोजत नाही.

या अटी ठरवते राज्यस्तरीय समन्वय समिती, आणि त्या राज्याच्या शासन निर्णयात येतात. म्हणजे आमदाराने मागायचं ते हे: मंडळात दुसरं केंद्र, आणि ‘सलग ३ दिवस’ऐवजी पाच दिवसांतले कोणतेही ३. याला घटनादुरुस्ती लागत नाही. रावेरला २०१९ मध्ये काँग्रेस होती, २०२४ ला भाजप आली. पक्ष बदलला, अट तीच. प्रतोद, आता सांगा चिन्ह बघून काय मिळालं?

प्रतोद

उलट माझाच मुद्दा सिद्ध केलात. आमदार बदलला तरी अट तीच, म्हणजे आमदार बदलून काही होत नाही. समिती सरकारची, सरकार आघाडीचं.

सातपुड्यापल्याड

तुमची ही पक्ष-उमेदवार चर्चा नंदुरबारात येऊन बघा, डोकं गरगरेल. चारही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. २०२४ ला अक्कलकुव्यात महायुतीचे अधिकृत उमेदवार शिंदे सेनेचे आमश्या पाडवी, जे त्याच वर्षी मार्चपर्यंत ठाकरे गटाचे विधान परिषद आमदार होते. त्यांच्यासमोर काँग्रेसचे के. सी. पाडवी, आणि अपक्ष म्हणून भाजपच्या माजी खासदार हिना गावित. त्याच वेळी त्यांचे वडील विजयकुमार गावित नंदुरबार मतदारसंघातून कमळावर. आता आघाडी बघून मत द्या म्हणणाऱ्याने सांगावं, अक्कलकुव्यातल्या भाजपच्या मतदाराने बघायचं कुठे?

आणि जिथे खरा प्रश्न आला तिथे पक्ष गळून पडला. धनगर आरक्षण आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) भरतीवरून ४ ऑक्टोबर २०२४ ला आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या टाकल्या. नरहरी झिरवाळ तेव्हा विधानसभेचे उपाध्यक्ष, सत्ताधारी पक्षाचे. आपल्याच सरकारविरुद्ध उडी! कुठल्या पक्षादेशात होतं ते?

तरी मी गिरणाकाठच्या बाजूनेही नाही. राज्यात जमातीच्या राखीव जागा २५. त्या २५ जणांची भूमिका एक झाली तर सरकारला ऐकावं लागतं. सुट्या उमेदवाराच्या कागदाला इथेही किंमत नाही.

खळ्यावरून

घड्याळवाले इकडे, तुतारीवाले तिकडे, आन आमना कापूस खळामाच शे.

मतपत्र

बंडखोर आणि अपक्ष हा मुद्दा सगळ्यांनी हलक्यात घेतलाय. उमेदवाराची खरी भूमिका कधी फिरते, ते तारखांवरून कळतं. २०२४ ला अर्ज भरायची मुदत २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर. पक्षाचा ए आणि बी फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला नाही तर पक्षाचं चिन्ह मिळत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला १ सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला १० लागतात. एक सूचक मतदारसंघाबाहेरचा निघाला आणि दहा भरले नाहीत, की छाननीत अर्ज उडालाच. म्हणून बंडखोर सावध असतो: एक अर्ज पक्षाच्या नावाने, दुसरा दहा सूचकांसह अपक्ष. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर जप्त.

या सहा दिवसांत ‘स्वाभिमान’, ‘अन्याय’, ‘जनतेचा आग्रह’ असं बरंच ऐकू येतं आणि ४ तारखेला दुपारी ३ नंतर त्यातलं निम्मं थंड होतं. कोणाला लेखी मागायचंच असेल तर माघारीनंतर मागा. आधीचा कागद सौदेबाजीत वापरला जातो.

निवडून आलेल्या अपक्षाचं गणित वेगळंच. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे तो निवडणुकीनंतर एखाद्या पक्षात गेला तर अपात्र होतो. पण पाठिंबा द्यायला बंदी नाही. २०१९ ला मुक्ताईनगरात चंद्रकांत पाटील अपक्ष म्हणून १९५७ मतांनी रोहिणी खडसेंना हरवून आले. साक्रीत मंजुळा गावित अपक्ष आल्या. जून २०२२ मध्ये दोघंही शिंदेंबरोबर, २०२४ ला दोघंही धनुष्यबाणावर. त्यामुळे ‘अपक्षाला पक्षादेश नसतो, तो मोकळा’ हे सभागृहातल्या मतापुरतं खरं. निधी हवा तर सत्तेजवळ जावंच लागतं.

केळीबाग

मतपत्र, माहितीबद्दल आभार. ‘एक षष्ठांश’चं गणित अजूनही बऱ्याच पॅनलवाल्यांना माहीत नसतं.

प्रतोद

मतपत्र यांनी जे सांगितलं ते माझ्याच बाजूचं. अपक्षसुद्धा शेवटी पक्षाकडेच. वर शिवसेनेच्या फुटीवरचा ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: प्रतोद (पक्षादेश काढणारा) नेमायचा अधिकार विधिमंडळ गटाला नाही, राजकीय पक्षाला आहे. आणि २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट काढून टाकली, आता दोन तृतीयांशांचं विलीनीकरण एवढाच बचाव. कायदाच पक्षाला वजन देतो, तर मतदाराने का देऊ नये?

सातपुड्यापल्याड

तो कायदा असतानाच शिवसेनेचे ४० आमदार शिंदेंबरोबर गेले, अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला कोणालाच अपात्र ठरवलं नाही. कागदावरचं वजन आणि तराजूतलं वजन वेगळं असतं, दादा.

गिरणाकाठ

‘आमदार काय करणार’ याचं उत्तर देतो आणि थांबतो. परत कापूसच घेतो, कारण इथेच सगळे उमेदवार केंद्राकडे बोट दाखवून सुटतात.

२०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११०. तो ८ टक्के ओलाव्याला. पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर खरेदी नाही. म्हणजे १२ टक्क्यांच्या गाडीला ७७८५ रुपये ६० पैसे, आणि १३ टक्क्यांची गाडी माघारी, मग खेडा खरेदीवाल्याच्या (गावातल्या खासगी व्यापाऱ्याच्या) दारात. हे केंद्राचं, कबूल.

पण सीसीआयकडे नाव नोंदवायला कापसाची नोंद सातबाऱ्यावर लागते. ती होते ई-पीक पाहणीतून (मोबाइलवरच्या पीक नोंदीतून), आणि ती महसूल विभागाची, म्हणजे राज्याची. मुदतीत सर्व्हर चालला नाही, डोंगरपट्ट्यात रेंज मिळाली नाही, की तो शेतकरी हमीभावातून बाद. दुसरं, एकरी किती क्विंटल घ्यायचं याची मर्यादा सीसीआय जिल्ह्याच्या उत्पादकतेवर बांधते. तो आकडा देतो राज्याचा कृषी विभाग, पीक कापणी प्रयोगांवरून. कोरडवाहू आणि बागायती एकत्र करून सरासरी काढली की चोपडा-शिरपूरच्या ठिबकवाल्याचा जादा कापूस मर्यादेबाहेर पडतो. तिसरं, बाजार समितीच्या आवारात कापूस वाळवायला ओटा आणि दाराशीच ओलावा मोजायचं यंत्र. समिती राज्याच्या कायद्याखाली चालते.

यातल्या एकाही गोष्टीला राज्यपालांची शिफारस लागत नाही, प्रतोद.

प्रतोद

उत्पादकतेच्या आकड्याचं मान्य, ते माझ्या ध्यानात नव्हतं. पीक कापणी प्रयोगाला ग्रामस्तरीय समितीचे लोक हजर राहू शकतात, तिथे आमदाराचीही गरज नाही. पण २० टक्क्यांसाठी मी पुरवणी मागण्यांचं पुस्तकच उघडणार, आणि त्यावर सही सरकारची असते.

खळ्यावरून

पुस्तक उघडशी तवय सांग भाऊ. तवलोंग गाडी भरी ठेवतस, ओलावा १३ वर शे.